चुकीच्या गोलामागे आठ चहा

माझे बाबा लाल गाडीवर कंडक्टर होते. नोकरीच्या सुरुवातीला एकदा एका थांब्यावर एक बाई पाणी प्यायला उतरली आणि गाडी तिला न घेताच निघाली. शेवटच्या स्टॉपवर सीटखाली एक कापडी पिशवी सापडली, तेव्हा बाबांना ते कळलं. गाडी भरलेली होती, पण "इथली बाई कुठं गेली?" असं एकानेही विचारलं नव्हतं. ती बाई मागच्या गाडीने सुखरूप आली, पिशवी घेतली आणि बाबांना चार शब्द सुनावून गेली. तेव्हापासून बाबा प्रत्येक थांब्यानंतर डोकी मोजायचे. आणि मी लंडनला शिकायला आल्यापासून दर रविवारी फोनवर मला एकच प्रश्न विचारायचे.

"एखाद दिवस तू दिसली नाही, तर तिथं कोणाला समजंन का?"

"हो बाबा," मी सांगायचे. "खूप लोक आहेत."

लोक खूप होतेच. लंडनच्या एजवेअर भागात ज्या घरात माझी बॉक्सरूम, म्हणजे एका खाटेपुरती खोली होती, तिथले मराठी डॉक्टर पतीपत्नी चांगले होते, पण दोघांच्या ड्यूट्या अशा की आमची भेट फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून व्हायची. वर्गात माझ्याशी सगळे हसून बोलायचे आणि मग आपापल्या दिशेने निघून जायचे. मी एखाद दिवस दिसले नसते, तर सगळ्यात आधी ते लायब्ररीच्या कॉम्प्युटरला कळलं असतं, पुस्तक परत न आल्यामुळे. हे बाबांना सांगण्यात अर्थ नव्हता.

माझ्या या परिस्थितीला मीच जबाबदार होते, हे कबूल करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पहिलेपणामुळे मला एक सवय लागली आहे. काही समजलं नाही की मी आधी "हो" म्हणते आणि मग एकटीने शोधत बसते. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात सरांनी "जर्नल आणलंय ना?" विचारलं, तेव्हा मी हो म्हणाले आणि पुढचे तीन दिवस जर्नल म्हणजे काय ते शोधत होते. विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पण विचारलं की आपण इथले नाही हे उघड होतं, अशी माझी पक्की समजूत. इंग्लंडमध्ये तर मी इथली नाही हे मी तोंड उघडायच्या आधीच उघड होतं, तरी सवय काही सुटली नाही.

फुटबॉलच्या मैदानावर मी पोचले तेही असंच. घरामागच्या गल्लीच्या टोकाला एक छोटं मैदान होतं. एका बाजूला पत्र्याची शेड आणि चारी बाजूंनी रंग उडालेला लोखंडी कठडा. मोठ्या लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली खेळणारा हा क्लब. खेळाडू आठवडाभर नोकऱ्या करायचे आणि शनिवारी खेळायचे. आमचा गोलकीपर पोस्टमन होता. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी सहज आत शिरले आणि मधल्या रेषेजवळ कठड्याला टेकून उभी राहिले. पाच मिनिटांत लोकरीची टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ शेजारी आले.

"ही माझी जागा आहे," ते म्हणाले.

मी चार वेळा सॉरी म्हणाले आणि निघाले.

"अगं, जातेस कुठे? चांगली जागा आहे. दोघांना पुरेल."

मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणू लागले. त्यांचा एक गुडघा कामातून गेलेला होता, त्यामुळे संपूर्ण मॅचभर ते त्या जागेवरून हलत नसत. मीही नाही. घरच्या मैदानावरच्या पुढच्या मॅचला ते म्हणाले, "आलीस." त्याच्या पुढच्या मॅचला क्लबचा एक जुना मरून मफलर त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "शनिवारी बाहेरगावी मॅच आहे. येणार?"

मी अर्थातच हो म्हणाले.

मग आठवडाभर मी तयारी केली. माझ्यासारखी मुलगी फुटबॉल बघायला जातानाही परीक्षेला गेल्यासारखी जाते. मी ऑफसाइडच्या नियमाची आकृती वहीत काढली. मग 'पाहुण्या संघाच्या समर्थकांनी घ्यायची काळजी' असं शोधून व्हिडिओ पाहिले. ते सगळे मोठ्या स्टेडियमचे निघाले. दोन्ही संघांच्या समर्थकांना वेगळ्या दारातून आत घेत होते आणि मध्ये पिवळ्या जाकिटांची रांग उभी होती. मी वहीत लिहिलं: 'त्यांच्या लोकांत जायचं नाही. मफलर दाखवायचा नाही. ठरलेली जागा सोडायची नाही.' पासपोर्ट घेतला आणि युनिव्हर्सिटीचं पत्रही घेतलं, म्हणजे दंगलीत सापडले तर मी सार्वजनिक आरोग्याची विद्यार्थिनी आहे हे सिद्ध करता येईल.

आणि तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. गावाला जाताना डबा न्यायचा आणि तो गाडीतल्या सगळ्यांना पुरेल एवढा न्यायचा, एवढं एकच मला कुणी न सांगता येत होतं.

मिनीबस एक काकू चालवत होत्या. वयाने साठीच्या, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांच्या हातात पुठ्ठ्यावर अडकवलेली यादी होती. माझं नाव त्यांनी तीन प्रकारे चुकीचं उच्चारलं आणि तिन्ही वेळा मी हो म्हणाले. फोन नंबरही लिहून घेतला. मग मागे वळून त्यांनी स्वतःसकट सगळ्यांची डोकी बोटाने मोजली.

"आठ. परत येतानाही आठच हवेत. मागच्या वेळी एक जण बारमध्ये राहिला होता."

"मी मुद्दाम राहिलो होतो!" मागून कुणीतरी ओरडलं.

बोटाने डोकी मोजणारी बाई पाहून मला फार बरं वाटलं. पुऱ्यांचा डबा फिरला. आजोबांनी एक पुरी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली.

"आत काय आहे?"

"आत काही नाही."

"काहीच नाही?"

"तिखट आणि मीठ पिठातच आहे."

त्यांनी ती मोडून खात्री करून घेतली आणि मग चार खाल्ल्या.

त्या गावाचं मैदान आमच्यापेक्षाही लहान होतं. एका बाजूला लोकांचे भाज्यांचे वाफे, दुसऱ्या बाजूला कुंपण आणि त्याला बांधलेला एक कुत्रा. पोलीस नव्हते. पिवळं जाकीट एकच दिसलं, ते पार्किंगमधल्या आजींच्या अंगात होतं आणि त्या लोकरीचं काहीतरी विणत होत्या. स्पीकरवर कुणाच्या तरी गाडीचे दिवे चालू राहिल्याचं सांगत होते. तरीही मी मफलर कोटाच्या आत ढकलून चेन वरपर्यंत लावली. सावध राहिलेलं बरं.

आमचे आठ जण एका गोलच्या मागे जाऊन उभे राहिले. आजोबासुद्धा लंगडत आले.

"आज इथे?" मी विचारलं.

"बाहेरगावी आपण गोलच्या मागेच," ते म्हणाले. मी हो म्हणाले.

पहिला हाफ मजेत गेला. इथे मैदान इतकं जवळ असतं की खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं, आणि खेळाडूंना आपलंही. काकू लायनमनला उद्देशून म्हणाल्या, "अरे, तुझा चष्मा गाडीत राहिलाय, आणून देऊ का?" लायनमन मान न वळवता म्हणाला, "तो वाचायचा आहे." चेंडू दोनदा भाज्यांच्या वाफ्यांत गेला. दुसऱ्या वेळी तो परत आला तेव्हा त्याच्याबरोबर कोबीचं एक पानही आलं. त्यांनी एक गोल केला, आम्ही एकही नाही.

हाफटाइमला पाच मिनिटं असताना माझ्यातली सुसंस्कृत मुलगी जागी झाली. आठ जणांत सगळ्यात लहान मीच. मोठी माणसं थंडीत उभी आहेत आणि कुणी चहा आणत नाही, हे मला बघवेना. विचारलं तर सगळे "नको नको" म्हणणार, हे गृहीत धरून मी कुणालाच काही न सांगता चहाच्या खिडकीकडे निघाले. रांग लांब होती. माझ्यामागे काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना मी पुढे सोडलं. मग एका आजींना, आणि मग त्यांच्या बहिणीला. माझ्या संस्कारांची ही परेड संपेपर्यंत हाफटाइम झाला आणि जवळजवळ संपलाही. शेवटी आठ कप मिळाले. खिडकीतल्या बाईंनी ते चिप्सच्या खोक्याच्या झाकणात रचून दिले.

मी मैदानाच्या कडेने चालत निघाले. नजर पूर्ण वेळ कपांवर. एक थेंबही न सांडता गोलच्या मागे पोचले, अभिमानाने मान वर केली आणि पाहिलं तर सगळे मफलर हिरवे.

माझं एकही माणूस तिथे नव्हतं.

तुम्ही फुटबॉल बघत असाल तर काय झालं ते तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. हाफटाइमनंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. आणि या छोट्या मैदानांवर समर्थकही बदलतात. आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार त्याच्या मागे उभं राहायचं, म्हणून हाफटाइमला एका टोकाचे लोक गप्पा मारत दुसऱ्या टोकाला जातात आणि तिकडचे इकडे येतात. वाटेत एकमेकांना चार टोमणेही मारतात. घरच्या मॅचला आजोबांच्या गुडघ्यामुळे मी कायम मधल्या रेषेवर. लोक इकडून तिकडे जाताना मी पाहिले होते, पण मला वाटायचं ते टॉयलेटला जातात.

"अरे वा, देवासारखी आलीस!" हिरव्या मफलरमधला एक दांडगा माणूस म्हणाला आणि त्याने एक कप उचलला.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. "माफ करा, हा चहा दुसऱ्यांचा आहे." हे वाक्य मला तिन्ही भाषांत येतं. पण कुणी घरचं माणूस समजून कप उचलल्यावर तो हातातून परत घ्यायचा, हे मला एकाही भाषेत जमत नाही. मी हसून झाकण पुढे केलं. मग काय, अर्ध्या मिनिटात आठही कप गेले. एका बाईंनी साखर आहे का विचारलं. मी सॉरी म्हणाले.

रिकामं झाकण छातीशी धरून मी समोर पाहिलं. अख्ख्या मैदानाच्या पलीकडे, दुसऱ्या गोलच्या मागे, मरून रंगाचा एक छोटा पुंजका होता. सात जण. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. म्हणजे त्यांचं लक्ष मॅचकडे असणार, पण मला वाटलं माझ्याकडेच आहे. त्यांनी पाहिलं होतं: आपण आणलेली मुलगी समोरच्या पार्टीला चहा वाटते आहे.

चालत तिकडे जायला दोन मिनिटं लागली असती. पण वहीत लिहिलं होतं, 'ठरलेली जागा सोडायची नाही', आणि रेफ्रीने शिट्टी वाजवली होती. मॅच चालू असताना जागा बदलली तर काय होतं हे मला माहीत नव्हतं, आणि शेजारी विचारायची तर सोयच नव्हती. म्हणून मी संपूर्ण दुसरा हाफ शत्रूच्या गोटात, त्यांच्या गाण्यांवर बेताने मान डोलवत उभी राहिले.

अगदी शेवटी शेवटी पलीकडच्या टोकाला आमच्या एकाने डोक्याने चेंडू आत ढकलला. मी उडी मारली आणि ओरडले. वर्गात दोन महिने ज्या मुलीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला नव्हता, तिचा आवाज त्या दिवशी कोबीच्या वाफ्यांपलीकडे गेला. कोटाची चेन उघडली आणि मरून मफलर बाहेर आला.

सगळी हिरवी डोकी माझ्याकडे वळली. दांडग्या माणसाने आधी मफलरकडे पाहिलं, मग हातातल्या रिकाम्या कपाकडे.

"तू त्यांची आहेस?"

"हो," मी म्हणाले. "सॉरी."

"मग आम्हाला चहा कशाला दिलास?"

"चुकून."

"ए, पोरांनो! त्यांनी आपल्या चहात काहीतरी घातलंय! म्हणूनच आपला डिफेन्स झोपला!"

सगळे हसले, आणि मग टाळ्या वाजवत माझ्यावर चहाचं एक गाणं सुरू झालं. ते प्रेमाने गात होते हे आज मला कळतं. त्या वेळी मला फक्त एवढंच कळलं की हे पलीकडच्या टोकापर्यंत ऐकू जातंय. मॅच संपल्याची शिट्टी वाजली आणि मी फाटकाबाहेर पडले.

मिनीबसकडे मी गेलेच नाही. माझा हिशोब सरळ होता. कुठल्या तोंडाने गाडीत बसायचं? परतीच्या प्रवासात दोन तास सगळे गप्प बसतील आणि पुऱ्यांचा रिकामा डबा माझ्या मांडीवर. त्यापेक्षा आपण ट्रेनने जावं. सात जण ऐसपैस बसतील. घरच्या मॅचला पुन्हा जायचं नाही, मफलर पोस्टाने पाठवून द्यायचा. स्टेशनच्या बाकावर बसून मी त्या चिठ्ठीचा मजकूरसुद्धा तयार केला. एका कंडक्टरची मुलगी, जिच्या बापाने उभी हयात डोकी मोजण्यात घालवली, गाडीतून न सांगता गायब झाली होती आणि स्वतःला समजूतदार समजत होती.

फोन वाजला. अनोळखी नंबर. मी तो उचलत नाही. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजल्यावर उचलला.

"कुठे आहेस तू?" काकूंचा आवाज फोनशिवायही पोचला असता.

"स्टेशनवर. तुम्ही निघा, मी ट्रेनने येते. खरंच, काही अडचण नाही."

"माझी आहे अडचण! मी आठ आणले, आठ नेणार. आम्ही सगळे गाडीत बसलोय. टॉयलेट तपासून झाले, बार तपासून झाला. तो बिचारा त्या गुडघ्यावर मैदानाला पूर्ण चक्कर मारून आला. तुझी ट्रेन आली तरी चढायचं नाही. ऐकतेयस ना?"

"हो," मी म्हणाले. या वेळी नीट समजून.

स्टेशनवरून मैदान चढावर होतं. मी धावले. गाडीचं दार उघडलं तेव्हा आतून एकच ओरडा झाला.

"गद्दार आली!"

"लपवा, लपवा, चहा लपवा!"

"त्यांना आठ कप! आम्ही सकाळपासून तुझ्या पोकळ पुऱ्या खातोय आणि चहा त्यांना!"

काकूंनी यादीवर शेवटची खूण केली आणि गाडी सुरू केली. आजोबांनी शेजारची सीट माझ्यासाठी धरून ठेवली होती. त्यांनी खिडकीजवळच्या खाचेतला एक कागदी कप माझ्याकडे दिला, वर बशीसारखं पुठ्ठ्याचं झाकण ठेवलेला.

"त्या हिरव्या दांडग्याने दिलाय. मॅच संपल्यावर सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. आठ मोजून. आमचे आम्ही प्यालो."

"हाफटाइमला बाजू बदलतात हे मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. हे असं वाक्य मी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते.

"मग विचारायचं ना."

"हो."

"आणि मला सांगून जायचं. मी दुसऱ्या गोलमागे तुझी वाट बघत राहिलो, एवढ्यात तू पलीकडे उगवलीस. मला वाटलं, तिकडे कुणी नातेवाईक भेटले." त्यांनी गुडघा चोळला. "पुढच्या वेळी माझ्याबरोबर चालायचं. माझ्याइतकं हळू कुणी चालत नाही, चुकायची नाहीस."

चहा बर्फासारखा गार होता, साखर भरपूर होती. मी सगळा प्याले.

रविवारी बाबांचा फोन आला. जेवण, थंडी आणि आईचा खोकला झाल्यावर नेहमीचा प्रश्न आला.

"कोणाला समजंन का?"

मी पहिल्यांदा "हो, खूप लोक आहेत" म्हणाले नाही. मॅच, चहा, स्टेशन, सगळं सांगितलं. फुटबॉलचा भाग त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला. स्टेशनपाशी आल्यावर मात्र त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"म्हणजे गाडी भरून तयार होती?"

"हो."

"आणि किती थांबली?"

"पंचवीस मिनिटं."

"पंचवीस मिनिटं!" बाबा चिडले. "अवं पोरी, म्हाताऱ्या माणसांची गाडी पंचवीस मिनिटं लटकवून ठेवली? काही अक्कल आहे का नाही? उतरताना ड्रायव्हरला सांगून जाता येत नाही? एवढं शिकून हेच शिकलीस?"

"चुकलं बाबा."

"चुकलंच." मग त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू आवाजात, तिकीट तपासून पाहावं तसं.

"एका पॅसेंजरसाठी?"

"हो बाबा."

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी गाडीत वेळेवर बसत जा."